उटण्यातला समुद्र

महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात समुद्र येतो तो बहुधा आरमार, बंदरे आणि मासेमारी यांच्या निमित्ताने. घराच्या न्हाणीत समुद्राचे काय काम, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो विचारावासा वाटला तो 'नखला' या एका शब्दामुळे. सुगंधी द्रव्यांच्या जुन्या याद्यांत नागरमोथा, वाळा, कचोरा यांच्या पंक्तीला हा शब्द बसलेला दिसतो आणि वाचणारा तो एखाद्या मुळीचे वा सालीचे नाव समजून पुढे जातो. वस्तुतः नखला हा वनस्पतीचा भाग नाही. समुद्री गोगलगाय आत ओढली गेली की शिंपल्याचे तोंड ज्याने बंद होते, ते हे शिंगासारखे झाकण. आकार नखासारखा, म्हणून संस्कृतात 'नख' किंवा 'नखी' आणि मराठीत 'नखला'. हीच उपमा इतरांनाही सुचली आहे. अरबीत या द्रव्याला 'सुगंधाची नखे' अशा अर्थाचे नाव आहे. हिब्रू बायबलातील पवित्र धूपाच्या एका घटकाचे ग्रीक भाषांतर करताना 'नख' या अर्थाचाच शब्द वापरला गेला. ते द्रव्य म्हणजे हेच, असे बरेच अभ्यासक मानतात.

भारतीय परंपरेत नखाचा ठळक उल्लेख सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त आहे. तिच्या गंधयुक्तीच्या अध्यायात सोळा द्रव्यांचा एक संच दिला असून त्यात मोथा, वाळा, दगडफूल, कापूर, कचोरा, चंदन यांच्यासोबत नखही आहे. सोळांतून चार द्रव्ये १,८२० प्रकारे निवडता येतात. प्रत्येक निवडीत प्रमाणे बदलून ९६ मिश्रणे होतात, म्हणजे एकूण १,७४,७२०. वराहमिहिराने या संचाला 'गंधार्णव', म्हणजे गंधांचा समुद्र, असे नाव दिले. या यादीतील निम्मी द्रव्ये आजही मराठी घरातील दिवाळीच्या उटण्यात आढळतात आणि 'उटणे' हा शब्दही संस्कृत 'उद्वर्तन' याचाच अपभ्रंश आहे. अर्थात 'बृहत्संहिता' वाचून कोणा गृहिणीने उटणे कुटले नसणार. पंडिताचा ग्रंथ आणि घरातले खलबत्ते यांच्यामधला मार्ग नोंदला गेलेला नाही, आणि आमच्या मते इतिहासाची खरी अडचण तीच आहे.

ती अडचण थोडी दूर करणारा एक ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना माहीत असायला हवा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील व्यासंगी संशोधक परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी गंधशास्त्रावरील एक हस्तलिखित उजेडात आणले. त्यात गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञात कर्त्याचा 'गंधवाद' असे दोन ग्रंथ होते, आणि 'गंधवादा'ला चक्क मराठी टीका होती. १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने आर. टी. व्यास यांच्या संपादनाखाली हे दोन्ही ग्रंथ प्रसिद्ध केले. जुने मराठी गद्य म्हटले की आपण महानुभावांचे ग्रंथ आणि बखरी शिकवतो. भिजवणे, वाटणे, धुपवणे, मुरवणे या क्रियांचे मराठी गद्य मात्र वर्गात क्वचितच पोहोचते. सुगंधी तेले नि चूर्णे सिद्ध करण्याची कृती मराठीत समजावून सांगावी लागली, याचा अर्थ संस्कृत न येणारा, पण हाताने काम करणारा कोणीतरी वाचक वा श्रोता टीकाकाराच्या डोळ्यांसमोर होता. तो गंधी असेल, वैद्य असेल, एखाद्या वाड्यातील कारभारीही असेल. कोणीही असला तरी राजसभेतील विद्या लोकभाषेत उतरत होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

आता 'नैसर्गिक' या विशेषणाकडे वळू. समुद्री मीठ, शेवाळ, शिंपल्यांची पूड यांपासून घरच्या घरी लेप करण्याची हौस आज पुन्हा वाढली आहे आणि तिला प्राचीनतेचा आधार दिला जातो. परंतु प्राचीनांनी समुद्रातून आलेली वस्तू सहसा जशीच्या तशी अंगाला लावलेली दिसत नाही. अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताच्या 'चक्रदत्ता'त तेलासाठी नख शुद्ध करण्याचा विधी येतो: शेणाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात उकळावे, धुवावे, भाजावे आणि मग गूळ व हिरडा यांच्या पाण्यात बुडवावे. 'सुश्रुतसंहिते'त 'फेन' येतो तो व्रण खरवडण्याच्या साधनांत, खरखरीत पानांच्या जोडीला. हा फेन म्हणजे समुद्रफेन, माकळीच्या जातीतील प्राण्याच्या पाठीतले सच्छिद्र कवच. त्याचा समुद्राच्या फेसाशी संबंध नाही. मिठाविषयी तर 'चरकसंहिता' स्पष्ट इशारा देते: ते अति खाणाऱ्यास अकाली सुरकुत्या पडतात, केस पिकतात, टक्कल पडते. सारांश, समुद्राकडे त्यांनी तीक्ष्ण, संस्कारावाचून न वापरण्याजोगी सामग्री म्हणून पाहिले. 'निसर्गातले म्हणून निरुपद्रवी' हे समीकरण त्यांचे नव्हे, आपले आहे.

शेवटचा मुद्दा कोशांचा. 'अमरकोशा'त नखाला शुक्ति आणि शंख असे पर्याय दिलेले आहेत, म्हणजे त्याचे समुद्रातले मूळ नावांतून उघड आहे. पण हे पर्याय आले आहेत ते वनौषधिवर्गात, झाडाझुडपांच्या मध्ये. वर्गीकरण उपयोगानुसार झाले आणि प्राणी त्यात हरवला. आमचा तर्क असा, की सोवळ्याओवळ्याच्या कडक शिस्तीतही हे द्रव्य देवाच्या धुपात आणि अंगाच्या तेलात निमूटपणे वावरले, त्याचे एक कारण हे असावे. वनस्पतींच्या यादीत गेलेल्या वस्तूचे कूळ कोणी विचारत नाही.

कुटणाऱ्या हातांनी काही लिहून ठेवले नाही, आणि लिहिणाऱ्यांनी कुटणाऱ्यांची नावे दिली नाहीत. उरले ते शब्द. 'गंधवादा'च्या मराठी टीकेतील क्रियापदे आणि द्रव्यनामे यांचा कोश कोणी विद्यार्थ्याने प्रबंधासाठी हाती घेतला, तर मराठी गद्याच्या इतिहासाचे एक प्रकरण नव्याने लिहावे लागेल. नखल्यासारखे शब्द तोवर टिकावेत, यासाठी ज्यांच्या घरी आजही उटणे कुटले जाते त्यांनी निदान त्यातील जिनसांची यादी आजी-आत्याकडून विचारून, त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवावी.