भाडेकरूच घरमालक : रावबहादूर तालमकी आणि गावदेवीची सोसायटी

जमीन घ्यायची, चाळ उठवायची, खोल्या भाड्याने द्यायच्या आणि गब्बर व्हायचं, असे लोक शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत कमी नव्हते. आज मात्र वेगळ्याच माणसाबद्दल लिहितो. त्याने घरं उभी करवली ती राहणाऱ्यांच्याच पैशातून, आणि मालकीही त्यांच्याच संस्थेकडे ठेवली. नाव रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी, बी. ए., एलएल. बी.

तालमकी चित्रापूर सारस्वत, म्हणजे कानडा मुलखातले. आपल्या बेळगावकरांना आठवत असेल, १९५६ पर्यंत कारवारचा उत्तर कानडा जिल्हा आणि आपला बेळगाव जिल्हा आधी मुंबई इलाख्यात आणि मग मुंबई राज्यात एकत्रच होते. कारवार, कुमठा, होन्नावरकडची शिकलेली मुलं बोटीने मुंबईला जायची, कुणी कोर्टात, कुणी कचेरीत चिकटायची. नोकरी मिळायची, पण घराचं काय? गिरगावातल्या चाळीत एक-दोन खोल्या, नळ आणि संडास सामाईक, आणि मालक म्हणेल ते भाडं.

त्यातच १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला. दाटीवाटीची वस्ती हेच रोगाचं घर, असं सरकारच्या मनाने घेतलं आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, नवे प्लॉट पाडून लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायला सुरुवात केली. गावदेवी त्यातलीच. पण असा प्लॉट घेऊन वर इमारत बांधणं पगारदार कारकुनाच्या आवाक्यात कुठलं? पैसेवाला प्लॉट घेणार आणि कारकून पुन्हा त्याचाच भाडेकरू होणार.

तालमकींनी घरापासून नव्हे, पतपेढीपासून सुरुवात केली. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. २७ डिसेंबर १९०६ रोजी त्यांनी शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली. नाव दिलं ते आपले गुरू शामराव विठ्ठल कायकिणी यांचं. तीच आजची एसव्हीसी बँक. (सारस्वत बँक ती वेगळी, १९१८ सालची. पुष्कळ लोक दोन्हींत घोटाळा करतात म्हणून सांगितलं.) आम्हा बँकवाल्यांना हा क्रम फार पटतो. आधी माणसाला महिन्याच्या महिन्याला बचतीची आणि हप्ता फेडायची सवय लागली पाहिजे, घर त्यानंतर.

१९०४ च्या कायद्यात फक्त पतसंस्था बसत होत्या. १९१२ चा नवा कायदा आला तेव्हा इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढायची वाट मोकळी झाली. ती धरून १९१५ साली गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. हिला आशियातली पहिली गृहनिर्माण संस्था म्हणतात, तसे मेसेजही फिरतात. पण बेंगळूरला १९०९ मध्ये बिल्डिंग सोसायटी निघालेली होती. तेव्हा मुंबई इलाख्यातली पहिली म्हणावं, तेवढा मान पुरेसा आहे.

आता हिशेब समजून घ्या, कारण खरी करामत त्यात आहे. ही पद्धत इंग्लंडमधली, भाडेकरू सहभागीदारीची. जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेच्या नावावर. सभासद शेअर घेतो आणि आपल्याच संस्थेचा भाडेकरू म्हणून राहतो. समजा इमारतीला १ लाख रुपये लागले. २५ हजार सभासदांच्या शेअरमधून आले, ७५ हजार कर्ज काढलं. महिन्याच्या भाड्यातून व्याज, मुद्दलाचा हप्ता, कर, दुरुस्ती आणि थोडी गंगाजळी भागवायची. नफ्याचा रकाना नाहीच. त्यामुळे बाजारात भाडी वाढली तरी इथलं भाडं त्या कारणाने वाढत नाही, उलट कर्ज फिटलं की उतरतं. सोडून जाणाऱ्याने शेअर परत करायचा किंवा कमिटीच्या संमतीने दुसऱ्याच्या नावे करायचा.

पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी इतकी भडकली की १९१८ मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. तेव्हा या व्यवस्थेचं मोल लोकांना कळलं असणार. पुढे ताडदेवला सारस्वतांची मोठी वसाहत झाली, तिला आजही तालमकीवाडी म्हणतात. तालमकींनी सहकारावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, सारस्वत घराण्यांच्या वंशावळींचे खंडही काढले. एका हाताने घरं, दुसऱ्या हाताने घराणी, असं म्हणा ना.

पण मंडळी, दुसरी बाजूही लिहायला हवी. सोसायटी ज्ञातीची होती. त्या काळी त्याला कारणही होतं. एकमेकांना ओळखणारी माणसं असली की कर्ज बुडत नाही, जामीन शोधावा लागत नाही. पतपेढीचं सगळं तारण म्हणजे ही ओळखच. मात्र जी ओळख आतल्यांना आधार देते तीच बाहेरच्याला दार बंद करते. ज्याच्या जातीत वकील नाहीत, पगारदार नाहीत, त्याने सोसायटी कुणाच्या जोरावर काढायची?

माझ्या नोकरीतली गोष्ट. एका जोडप्याची कागदपत्रं चोख, पगार चांगला, कर्ज मंजूर झालं होतं. सोसायटीचं ना-हरकत पत्र काही आलं नाही. कारण कागदावर कुणी लिहिलं नाही, तोंडी सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दोघांचे चेहरे मला अजून आठवतात. २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा पोटनियम वैध धरला. कायद्याचं ते खरं. माझ्या मनाला मात्र ते अजून पुरतं पटत नाही.

तालमकींचं मोठेपण याने कमी होत नाही. भाडेकरूंनी एकत्र येऊन स्वतःचे मालक व्हावं, ही कल्पना त्यांनी आपल्या माणसांसाठी आणली आणि हिशेबाने चालवून दाखवली. आपले माणसं कोण, याचं वर्तुळ वाढवायचं काम मागच्यांवर होतं. ते आपण किती केलं, हा प्रश्न उरतोच.

बेळगाव, हुबळी, बडोदा, इंदूर, आपण सगळेच कधीतरी कुठून तरी उठून परक्या शहरात आलो आणि तिथे कुणीतरी आपल्याला पहिली खोली मिळवून दिली. तुमच्या घराण्यात ती कुणी दिली? कपाटात जुनं शेअर सर्टिफिकेट किंवा भाडेपावती असेल तर बघा, आणि खाली जरूर लिहा. नव्या बिल्डरला इमारत देण्याआधी ते कागद नातवंडांना एकदा दाखवा, एवढंच सांगणं.