वॉलेस नटिंगचे रंगवलेले रस्ते

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड प्रांतात सफरचंदाला बहर येतो तो मे महिन्यात, आणि आठ-दहा दिवसांत ओसरतो. मध्येच जोराचा पाऊस झाला तर त्याहून लवकर. या मोजक्या दिवसांत वॉलेस नटिंग मोटार घेऊन खेड्यापाड्यांतून निवांत हिंडे. वळणाचा कच्चा रस्ता, कडेला दगडी गडगा, त्यावर ओणवलेली बहरलेली फांदी असे काही दिसले की गाडी थांबे, तिवई उभी राही आणि ते दृश्य काचेच्या प्लेटवर उतरे.

नटिंग मूळचा धर्मोपदेशक. जन्म १८६१चा. फोटोचा नाद लागला तो १८९०च्या दशकाच्या अखेरीस, सायकलवरच्या रपेटींत. १९०४मध्ये प्रकृती साथ देईना म्हणून त्याने प्रॉव्हिडन्सच्या चर्चमधले काम सोडले आणि छंदाचाच धंदा केला. आधी न्यूयॉर्क, मग कनेक्टिकटमधले साउथबरी, आणि १९१२पासून मॅसॅच्युसेट्समधले फ्रेमिंगहॅम. धंदा ऐन भरात असताना त्याच्याकडे सुमारे दोनशे माणसे कामाला होती.

त्यांतल्या निम्म्या रंगवणाऱ्या मुली. रंगीत फिल्म बाजारात यायला अजून अवकाश होता. प्लॅटिनमच्या कागदावर उठवलेली छापील प्रत काळी-करडी असे. तिचा पृष्ठभाग चकचकीत नसल्याने जलरंग नीट धरत. समोर नमुन्याचे एक रंगवलेले चित्र ठेवायचे आणि ते पाहून कुंचल्याने आकाशात निळा, गवतात हिरवा, फुलांत फिका गुलाबी भरत जायचे. चित्र पुठ्ठ्यावर चिकटले की खाली डावीकडे नाव आणि उजवीकडे सही. ही ‘वॉलेस नटिंग’ सहीसुद्धा बहुतेक वेळा रंगवणारीच करी. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंतही फोटो हाताने रंगवत, पण तिथे समोर एक गिऱ्हाईक आणि त्याचा एक फोटो असे. इथे एकाच रस्त्याच्या हजारो प्रती निघत आणि तरी प्रत्येक प्रतीला कुणाचा तरी हात लागलेला असे. या मुलींची नावे चित्रांवर कुठेच नाहीत, आणि ती असायला हवी होती.

चित्रे लाखोंनी खपली. लग्नात आहेर म्हणून ती देण्याची पद्धतच पडली; ‘हनीमून ड्राइव्ह’सारखी नावे त्यासाठी सोयीचीच होती. घेणारा वर्ग शहरातला, मध्यमवर्गीय. त्यातल्या कित्येकांचे आजी-आजोबा त्याच डोंगराळ भागात शेती करत होते.

त्या रस्त्यांचे देखणेपण कुठून आले हे पाहण्यासारखे आहे. १८४०च्या खानेसुमारीत एकट्या व्हरमाँट राज्यात सोळा लाखांहून जास्त मेंढ्या होत्या, आणि माणसे तीन लाखांच्या आत. डोंगरच्या डोंगर झाडे तोडून कुरणे केलेली. नांगराला अडणारे धोंडे वेचून रचायचे, त्यांचेच गडगे होत. पुढे पश्चिमेकडची स्वस्त लोकर आली, तिकडे सपाट काळी जमीन मिळू लागली, नदीकाठच्या गिरण्यांत रोख पगार मिळू लागला. तरुण पोरे गेली, घरे ओस पडली. कुरणांत पुन्हा रान माजले, बागांची छाटणी थांबली, रस्ते रुंद करायला कुणाकडे पैसा नव्हता. नटिंगला जे जुने आणि शांत वाटले, ते बरेचसे बुडालेल्या शेतीचे मागे उरलेले रूप होते. त्याच्या चित्रात शेतात राबणारा माणूस क्वचित दिसतो, गिरणीचे धुराडे दिसत नाही, आणि तो ज्या मोटारीतून आला तीही नाही. थॉमस डेनेनबर्ग यांनी २००३च्या आपल्या पुस्तकात नटिंगने ‘जुनी अमेरिका’ कशी घडवली आणि विकली हे दाखवले आहे. ते वाचूनही या चित्रांची गोडी कमी होत नाही, कारण त्यातला उजेड खरा आहे. फक्त त्या उजेडातली घरे रिकामी का झाली, हे विसरून ती पाहू नयेत.

१९२२मध्ये त्याचे ‘व्हरमाँट ब्यूटिफुल’ आले. मग कनेक्टिकट, मेन, पेनसिल्व्हेनिया अशा राज्यांवर एकेक पुस्तक निघाले, प्रत्येकात शेकडो फोटो. तोवर मोटार सामान्य घरांत पोचली होती आणि कोडॅक कंपनी रस्त्याकडेला पाट्या लावत होती: पुढे फोटो काढण्याजोगी जागा आहे. जो-तो आपला रस्ता आपणच टिपू लागला. भिंतीवरच्या चित्रांची आवड बदलली, त्यात १९२९ची मंदी आली, आणि नटिंगची विक्री घसरत गेली. १९३५मध्ये कोडॅकची कोडाक्रोम ही रंगीत फिल्म बाजारात आली.

नटिंग १९ जुलै १९४१ रोजी वारला. त्याच सप्टेंबरात सरकारच्या शेती सुरक्षा खात्याचा फोटोग्राफर जॅक डेलानो व्हरमाँटमध्ये रटलंडच्या जत्रेला गेला. त्याच्या कॅमेऱ्यात कोडाक्रोम होती. त्याने तंबूंपुढे ओरडून गिऱ्हाईक बोलावणारे खेळवाले टिपले, खेळाच्या पडद्यामागच्या नाचणाऱ्या बायका टिपल्या, आणि खेळ बघायला दाटीवाटीने उभी असलेली खेड्यातली माणसेही टिपली.