लाळेतली वंशावळ

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या घ्या, नाहीतर वर्गणी काढून छापलेला एखादा जाडजूड कुलवृत्तांत. वंश पुढे सरकतो तो बापाकडून मुलाकडे. सासरी गेलेली लेक एका ओळीत आटोपते. घरबसल्या करायची डीएनए चाचणी या वह्यांच्या कितीतरी पुढची वाटते खरी, पण तिचा जन्मही आडनावाच्याच हिशेबातून झाला.

अमेरिकेत ह्यूस्टनला राहणारे बेनेट ग्रीनस्पॅन यांना घराण्याचा इतिहास धुंडाळायचं वेड होतं. त्यांच्या आजोळचं आडनाव नित्झ. त्याच आडनावाचं एक कुटुंब त्यांना अर्जेंटिनात सापडलं. ही मंडळी आपले भाऊबंद असणार असा संशय होता, पण कागदपत्रं मध्येच संपत होती. अशा वेळी त्यांच्या उपयोगी पडली ती त्या सुमारास गाजलेली दोन संशोधनं. 1997 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात कोहेन या ज्यू पुरोहित घराण्यांतल्या पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं होतं. पुढच्याच वर्षी याच नियतकालिकात थॉमस जेफरसन यांचं प्रकरण आलं.

जेफरसन म्हणजे अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष. सॅली हेमिंग्ज या त्यांच्या गुलाम स्त्रीच्या मुलांचे बाप तेच, ही कुजबुज 1802 पासून छापून येत होती. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं उतरतं. तेव्हा दोन्हीकडच्या पुरुषवंशजांची तुलना केली की झालं. अडचण एवढीच, की जेफरसन यांच्या लग्नाच्या पत्नीपासूनचा एकही मुलगा जगला नव्हता. युजीन फॉस्टर या निवृत्त डॉक्टरांनी मग जेफरसन यांच्या काकांच्या वंशातले पुरुष शोधले आणि त्यांचं रक्त घेतलं. सॅलीच्या धाकट्या मुलाच्या, एस्टनच्या, वंशजाशी ते जुळलं. वाय गुणसूत्र घराणं सांगतं, माणूस सांगत नाही. थॉमस यांच्या सख्ख्या भावाकडेही तेच गुणसूत्र होतं. उरलेलं काम तारखांनी केलं, म्हणजे कोणत्या वर्षी कोण कुठे मुक्कामाला होतं, या जुन्याच पुराव्याने.

ग्रीनस्पॅन यांनी कोहेन-अभ्यासातले एक संशोधक मायकेल हॅमर यांना ॲरिझोना विद्यापीठात गाठलं. प्रयोगशाळा खाजगी लोकांची कामं घेत नव्हती. ग्रीनस्पॅन पिच्छा सोडत नव्हते. त्यातून 2000 साली ‘फॅमिली ट्री डीएनए’ ही कंपनी उभी राहिली. सुई नको, दवाखाना नको. गालाच्या आतून खरवडायची काडी पोस्टाने घरी यायची आणि पोस्टानेच परत जायची. नित्झ मंडळी एकाच घराण्यातली निघाली.

त्याच वर्षी ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावाचे 48 पुरुष तपासले. जवळपास निम्म्यांचं गुणसूत्र एकसारखं निघालं, म्हणजे मूळपुरुष एकच असावा. बाकीच्यांचं काय? दत्तक, बदललेली नावं, आणि ज्याची कुठेच नोंद होत नाही ते. हे प्रमाण साइक्स यांनी पिढीमागे 1.3 टक्के काढलं. पंधरा-वीस पिढ्यांचा कुलवृत्तांत छापणाऱ्यांनी या आकड्याचा हिशेब एकांतात करावा.

2007 च्या नोव्हेंबरात ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ने काडीऐवजी थुंकी मागवायला सुरुवात केली. किंमत 999 डॉलर. पाच वर्षांत ती 99 वर आली. आता एका चिपवर लाखो जागा तपासल्या जात होत्या, आई-बाप दोघांकडून आलेल्या. वंशाचा पहिला नकाशा मात्र गमतीदार होता. त्यात युरोप, आशिया आणि आफ्रिका असे तीनच रंग होते, आणि भारतीय माणूस युरोप-आशियाची भेळ म्हणून बाहेर पडायचा. माणूस तोच, लाळ तीच. तुलनेसाठी कंपनीकडे भारतीय नमुनेच नव्हते. टक्केवारीचं मर्म इथे आहे. पूर्वज कुणी तपासलेले नसतात, आजच्या कोणकोणत्या लोकांशी तुम्ही किती जुळता एवढंच मोजलेलं असतं. नमुने वाढले की टक्के बदलतात.

टक्क्यांपेक्षा मला मोलाची वाटते ती 2009 च्या सुमारास आलेली नातेवाईक जुळवून देणारी सोय. दत्तक गेलेल्यांना त्यातून जन्मदाते सापडले, वीर्यदात्यांचं निनावीपण संपलं. पोलिसांनाही वाट मिळाली. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातला जुना खुनी सापडला तो अशाच एका संकेतस्थळावरच्या दूरच्या चुलतांमुळे.

आता आपल्याकडची कथा. कोकणातल्या बेने इस्रायली या ज्यू समाजाची मायबोली मराठी, आडनावं पेणकर, किहीमकर अशी, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून नाव ‘शनिवार तेली’. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही त्यांची मूळकथा. 2016 च्या एका अभ्यासात पितृवंशाचा माग बराचसा पश्चिम आशियातल्या ज्यूंकडे गेला. आईकडून लेकरांना मिळणारा मायटोकॉन्ड्रियातला डीएनए मात्र बहुतांशी इथलाच निघाला. हा मिलाफ 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचा. नुसतं वाय गुणसूत्र पाहिलं असतं, तर नवगावच्या सात स्त्रियांवर कुणी प्रश्नही विचारला नसता.

अशा लहान, आपसातच लग्नं करत आलेल्या समाजात चाचणी नाती फुगवून दाखवते. दोन माणसं पाच-सहा वाटांनी एकमेकांची दूरची नातलग असतात. सगळ्या वाटांचे बारीक तुकडे एकत्र मोजले की संगणक त्यांना जवळचे चुलत ठरवतो. आपल्या बहुतेक जातींनाही हे लागू आहे. म्हणून जुळलेल्या डीएनएची बेरीज बाजूला ठेवून आधी सर्वांत लांब सलग तुकडा किती आहे ते पाहावं. तो आखूड असेल, तर समोरच्याला लगेच ‘दादा’ म्हणून पत्र धाडू नये.