शिवालिकच्या महासुसरीची वंशावळ

फिरोजशहा तुघलकाच्या हुकमाने कालवा खणला जात असता डोंगराच्या पोटातून राक्षसांची म्हणून जी प्रचंड हाडे निघाली, त्यांची हकीकत अहमदनगरच्या निजामशाहीत वाढलेल्या व पुढे विजापूरच्या दरबारी तवारीख लिहिणाऱ्या फिरिश्त्याने नमूद करून ठेवली आहे. तिला दोन शतके उलटल्यावर, १८३४ च्या सुमारास, दोआबच्या कालव्यावरील इंजिनिअर प्रोबी कॉटली आणि सहारनपूरच्या सरकारी बागेचा अधीक्षक ह्यू फाल्कनर यांनी शिवालिकच्या टेकड्यांतून अश्मीभूत अस्थींचा असा संग्रह जमविला, की लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १८३७ मध्ये उभयतांना वोलास्टन पदक दिले.

त्या संग्रहातील एका विशाल जलचराला त्यांनी १८४० मध्ये, त्याच्या जाड दातांवरून ‘क्रासिडेन्स’ हे नाव देऊन, मगरीच्याच प्रजातीत घातले. परंतु सुसरीचे वरचे व खालचे दात जसे एकमेकांच्या फटींत बसतात तसे याचे नसून, तोंड मिटल्यावर वरचे दात खालच्यांना बाहेरून झाकीत, हे लक्षात घेता तो निराळा मानणेच प्राप्त होते. भारतीय भूशास्त्र सर्वेक्षण खात्यात पूर्वी चाकरी केलेल्या रिचर्ड लिडेकरने १८८६ मध्ये त्याच्यासाठी ‘ऱ्हॅम्फोसूकस’ ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली.

तथापि वंशाचा दावा तेवढ्याने निकालात निघाला नाही. कवटीच्या घडणीवरून अभ्यासकांनी त्याला मलायातील लांबतोंड्या टोमिस्टोमाच्या गोतात बसविले खरे. पण त्या टोमिस्टोमाचेच मूळ वादग्रस्त, कारण अस्थींची साक्ष त्याला मगरीच्या घरात नेते, तर अलीकडे तपासलेली आनुवंशिक द्रव्याची साक्ष गंगेतील सुसरीच्या घरात. आणि आश्रयदात्याचे घर बदलले की आश्रिताचेही बदलणार, हे ओघानेच आले. मला स्वतःला दुसरी साक्ष अधिक वजनदार वाटते.

आकारमानाची गोष्टही अशीच. त्याची लांबी १५ ते १८ मीटर होती, असे दीर्घकाळ मानले गेले; वस्तुतः सबंध सांगाडा उपलब्ध नसून पुरावा प्रामुख्याने कवटीच्या तुकड्यांचा व दातांचा. जेसन हेड या संशोधकाने २००१ मध्ये तो पुरावा नव्याने मोजून ८ ते ११ मीटर ही मर्यादा घातली. एवढी लांबीदेखील आजच्या कोणत्याही मगरीला लाजविणारी आहे. तेव्हा आपल्या बालवाङ्मयाच्या संपादकांनी जुना आकडा जेथे छापला असेल तेथे तो पुढील आवृत्तीत अवश्य दुरुस्त करावा.