बेळगावची नगरपालिका : ठराव आणि दिवाबत्ती

गोव्यातल्या माणसाला बेळगाव परके नाही. आपली भाजी तिथून येते, लग्नाचा बस्ता तिथे होतो. सकाळी चोर्ला घाटाने गेलेला माणूस खडेबाजार आणि गणपत गल्ली पालथी घालून रात्री जेवायला घरी परत येतो. 'तरुण भारत' हे बाबूराव ठाकूरांनी १९१९ साली बेळगावात सुरू केलेले वृत्तपत्र आपल्याकडेही घरोघरी पोहोचले. त्यामुळे बेळगाव म्हटले की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात, खरेदी आणि सीमाप्रश्न. पण या दोहोंच्या मध्ये आणखी एक बेळगाव आहे. नळाला पाणी कधी येणार, गटार कोण उपसणार, कोपऱ्यावरचा दिवा का बंद आहे, या प्रश्नांचे बेळगाव. त्याचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही. आज त्याविषयी थोडे.

बेळगावात नगरपालिका आली ती १८५१ साली. किल्ला इंग्रजांच्या हाती पडला १८१८ मध्ये, म्हणजे मधे जेमतेम तेहेतीस वर्षे गेली होती. १८५० साली कंपनी सरकारने शहरसुधारणेचा एक कायदा केला, सव्वीसावा कायदा. या कायद्याची गंमत अशी की तो सक्तीचा नव्हता. गावच्या लोकांनी 'आम्हाला हवा' असे म्हटले तरच तो लागू व्हायचा. मग सरकार अधिकारी आणि गावातली काही मंडळी यांची एक कमिटी नेमायचे. या कमिटीची कामे कायद्यातच सांगितली होती. रस्ते बांधणे, दुरुस्त करणे, झाडणे, तिथे दिवे लावणे, पहारा ठेवणे, गटारे आणि तळी सांभाळणे. मुंबई इलाख्यात हा कायदा बऱ्याच गावांनी घेतला, कारण घरपट्टीऐवजी जकात बसवण्याची सोय त्यात होती. निपाणीची नगरपालिकाही त्याच दशकातली.

दिवे आणि पहारा हे दोन शब्द मला महत्त्वाचे वाटतात. रात्री बायामाणसांनी निर्धास्तपणे रस्त्यावरून जावे, चोरी होऊ नये, ही जबाबदारी सुरुवातीला गावाच्याच कमिटीवर होती. पुढे पोलीस खाते उभे राहिले आणि पहारा सरकारकडे गेला. दिवा मात्र गावाकडेच राहिला. बेळगावला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाले ते अगदी अलीकडे, २०१४ मध्ये. म्हणजे आज गल्लीत काही घडले तर पोलीस एका खात्याचे, खांब आणि वीज दुसऱ्याची, दिवा तिसऱ्याचा. सरकारी कचेरीत वीसेक वर्षे काढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. एक अर्ज तीन टेबले फिरतो आणि तिन्हीकडून एकच शेरा घेऊन परततो, 'संबंधित खात्याकडे पाठवावे'.

बेळगावचे आणखी एक वैशिष्ट्य होते. दिसायला गाव एक, पण कारभार तीन. जुने बेळगाव नगरपालिकेकडे, लष्कराचा भाग कॅन्टोन्मेंटकडे, आणि लागूनच असलेले शहापूर तर थेट सांगली संस्थानाचे. शहापुरातला विणकर आणि बेळगावातला व्यापारी रोज भेटायचे, पण त्यांच्या तक्रारींचे मालक वेगळे. संस्थाने विलीन झाली आणि शहापूर बेळगावात आले. कॅन्टोन्मेंट बोर्ड मात्र वेगळेच राहिले. या सगळ्यात रोजचे गाडे चालवले ते गल्लीने. बेळगावात गल्ली म्हणजे नुसता रस्ता नव्हे. गल्लीला पंच असतात, देऊळ असते, युवक मंडळ असते, गणपती असतो. भांडण आधी पंचांपुढे जाते, मग चौकीवर. आपल्याकडच्या गावकरीची आठवण व्हावी असा हा प्रकार. बांध फुटला, मानस मोडली तर गावकरी कोणाच्या हुकमाची वाट पाहत बसत नसे.

नागरी सेवेचा बेळगावचा एक मानाचा प्रसंग १९२४ चा. महात्मा गांधी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते बेळगावचे, डिसेंबर १९२४ चे. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची जबाबदारी उचलली होती. हजारो माणसे येणार म्हणजे पाणी हवे. त्यासाठी टिळकवाडीच्या भागात एक मोठी विहीर खोदली. काँग्रेस विहीर म्हणून ती आजही दाखवतात. अधिवेशनातली भाषणे आज कोणाला आठवत नाहीत, विहीर मात्र राहिली. सार्वजनिक कामाचे हे असेच असते.

मग आले १९५६. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातले बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्या दिवसापासून नगरपालिकेच्या डोक्यावर एक नवे काम आले. गावाच्या वतीने बोलण्याचे. विधानसभेत मराठी आमदार मूठभर, दिल्ली लांब. लोकांनी निवडून दिलेली आणि मराठी माणसाचे बहुमत असलेली जवळची संस्था एकच, नगरपालिका. साहजिकच महाराष्ट्रात सामील होण्याची मागणी तिथल्या सभागृहातून उमटू लागली. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे सुचवले. महाराष्ट्राने ते मानले नाही, प्रत्यक्षात काहीच हलले नाही, आणि २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला.

दरम्यान १९७६ मध्ये बेळगावची महानगरपालिका झाली. मान वाढला. पण १९७९ मध्ये कर्नाटकात जकात रद्द झाली आणि स्वतःच्या हिमतीवर उभे राहण्याचा जुना आधार गेला. आता बऱ्याचशा गोष्टींसाठी बंगळूरकडे पाहणे आले. ज्याच्याकडे पाहायचे त्याच्याच विरोधात ठराव करायचा, अशी ही अवघड जागा.

ती किती अवघड आहे हे २००५ मध्ये दिसले. ऑक्टोबरमध्ये महापालिकेने महाराष्ट्रात विलीन करण्याची मागणी करणारा ठराव केला. नोव्हेंबरमध्ये महापौर विजय मोरे बंगळूरला गेले असता त्यांच्या तोंडाला काळे फासले गेले. लगोलग राज्य सरकारने महापालिकाच बरखास्त केली. २०११ मध्ये पुन्हा तेच. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत महापौर आणि उपमहापौर सहभागी झाल्या म्हणून डिसेंबरमध्ये महापालिका बरखास्त. पुढची निवडणूक २०१३ साली.

या दोन्ही प्रसंगांवर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. कोण बरोबर, कोण चूक, याचे रकाने भरले. माझ्यासारख्या कारकुनाला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. बरखास्तीचा हुकूम निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी वडगावातल्या बाईने तुंबलेल्या गटाराची तक्रार कोणाकडे केली असेल? काल घराशेजारचा नगरसेवक होता. त्याला रस्त्यात अडवता येत होते, मत मागायला आला की सुनावता येत होते. आज प्रशासक आहे. तो कर्तबगारही असेल, पण त्याच्या दारात जायला अर्ज लागतो, वेळ घ्यावी लागते. ठराव केला सभागृहाने, शिक्षा मिळाली गटाराला. ठराव पटला नाही तर सरकारला तो रद्द करता येतो. त्यासाठी अख्खी संस्था मोडणे म्हणजे भिंतीवरचे लिखाण आवडले नाही म्हणून घरच पाडणे.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. भाषेच्या नावावर निवडून येता येते हे एकदा कळले की नळाचा हिशेब देण्याची घाई राहत नाही. हा दोष कोणत्याही एका भाषेचा नाही. मराठी असो वा कन्नड, भावनेवर मत मिळते तिथे रस्त्याचे खड्डे क्षमेस पात्र होतात. २००८ च्या सुमारास बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्यातल्या काही प्रभागांत जागतिक बँकेच्या मदतीने चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली. प्रयोग यशस्वी म्हणून गाजला. तरी शहराचा फार मोठा भाग त्यानंतरही वर्षानुवर्षे घागरी भरून ठेवत राहिला. सप्टेंबर २०२१ च्या निवडणुकीत ५८ पैकी ३५ जागा भाजपला मिळाल्या, आणि वर्षानुवर्षे सत्ता हाती असलेली महाराष्ट्र एकीकरण समिती मागे पडली. त्याची कारणे अनेक असतील. गल्लीतल्या मतदारानेही काही सांगितले असेल, ते ऐकायला हवे.

आणि तरीही निवडून दिलेली माणसे लगेच खुर्चीवर बसली नाहीत. आधीच्या सभागृहाची मुदत २०१९ मध्ये संपली होती, महापौर निवडले गेले फेब्रुवारी २०२३ मध्ये. या काळात स्मार्ट सिटीची कामे चालली होती. बेळगाव पहिल्याच यादीत, २०१६ मध्ये निवडले गेले होते. रस्ते खणले गेले, दिवे बदलले, कॅमेरे लागले. पण रस्ता कुठला आधी आणि खांब कुठे, हे गल्लीला विचारणारे सभागृहच नव्हते. या वेळी तर ठरावही नव्हता आणि बरखास्तीही नव्हती!

निपाणीचे उदाहरण थोडे निराळे. हे तंबाखूचे गाव. वखारीत राबणाऱ्या बायांचा आणि तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा घाम इथल्या बाजारात ओतला गेला. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. त्या आंदोलनात मराठी आणि कन्नड असा भेद नव्हता. भाव मागणाऱ्याची भाषा एकच असते. पाण्याचेही तसेच. निपाणीचा जवाहर तलाव पावसात भरून वाहू लागला की गावाला जो आनंद होतो, तो दोन्ही भाषांत सारखाच असतो.

मग भाषेचा प्रश्न खोटा आहे का? मुळीच नाही. उलट माझे म्हणणे असे की भाषा हीच एक नागरी सेवा आहे. पाणी दोन दिवस बंद राहणार, पूर येणार, घरपट्टीची मुदत संपणार, ही सूचना ज्या म्हातारीला वाचता येत नाही तिच्यापुरती ती सूचना निघालेलीच नसते. सभेची कागदपत्रे मराठीतही द्यावीत ही बेळगावच्या मराठी नगरसेवकांची जुनी मागणी म्हणूनच रास्त आहे. आपल्या राज्यघटनेचे ३५० वे कलम सांगते की गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करता येतो. अर्ज करण्याचा हक्क आहे, पण उत्तर कोणत्या भाषेत यावे याबद्दल ते कलम गप्प आहे. सीमाभागातला सगळा सल या गप्प जागेत आहे. आपण गोमंतकीयांनी १९८७ चा राजभाषा कायदा पाहिला आहे. कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापराची तरतूद राहिली. त्यावर आपले वाद अजून मिटलेले नाहीत, पण मराठीत अर्ज दिला म्हणून कोणी परत पाठवत नाही, एवढे तरी आपण मिळवले.

कर्नाटकाच्या महापालिका कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती होऊन प्रभाग समित्यांची तरतूद आली. प्रभागाचा नगरसेवक अध्यक्ष आणि सोबत नेमलेले दहा सदस्य. त्यांत स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, रहिवासी संघटनांचे प्रतिनिधी. कागदावर हे १८५० च्या कमिटीचेच नवे रूप आहे, फक्त यात साहेब नाही. सीमेच्या दाव्याचा निकाल न्यायालय लावील तेव्हा लावील. तोवर अशा समितीत गणपत गल्लीचा मराठी माणूस, अनगोळचा कन्नड माणूस आणि लष्कराच्या हद्दीलगतचा उर्दू बोलणारा माणूस एका चटईवर बसला, आणि सभेची टिपणे तिघांनाही वाचता आली, तर गल्लीतला दिवा लवकर लागेल असे मला वाटते. ठराव करण्याचा हक्क त्याने कमी होत नाही. उलट, ज्याच्या गल्लीत उजेड आहे त्याच्या ठरावाला वजन येते.