बॅट कोणाच्या हातात? साताऱ्यातून पाचगणीकडे

आजच्या भागात आपण पाचगणीत जाणार आहोत, पण साताऱ्यावरून. विषय आहे प्राथमिक शाळेतल्या पोरांना बॅटिंग आणि पळणं कसं शिकवायचं. तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठे आला? आला की. क्रिकेट शिकवण्याचा आपल्याकडचा इतिहास बघितला, तर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: बॅट कोणाच्या हातात द्यायची?

पाचगणी वसवली चेसन नावाच्या इंग्रजाने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. सुमारे ४,३०० फूट उंची, थंड हवा, मुंबईपेक्षा कोरडी. आधी आजाऱ्यांसाठी आणि सुट्टीसाठी लोक येत. मग युरोपियन मुलामुलींच्या निवासी शाळा आल्या. पुढे पारशी आणि हिंदू संस्थाचालकांनीही शाळा काढल्या. संजीवन विद्यालय १९२२ चं. निवासी शाळा म्हटलं की संध्याकाळचा खेळ आलाच, आणि इंग्रजी शाळेत खेळ म्हणजे क्रिकेट. पण मैदानावर बॅट धरणारा एक आणि मैदान झाडणारा दुसरा, ही वाटणी तेव्हा सगळीकडेच पक्की होती.

ही वाटणी किती पक्की होती, ते पालवणकर बाळूंच्या गोष्टीत दिसतं. जन्म १८७६ चा, चांभार समाजातला. पुण्यात आधी पारशी क्लबात महिना तीन रुपयांवर काम. १८९२ च्या सुमारास पूना क्लबात चार रुपये. काम काय? खेळपट्टी लाटायची, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावाला बॉल टाकायचे. ग्रेग नावाचा फलंदाज तासन् तास बाळूंच्या गोलंदाजीवर हात साफ करायचा. बाद केलं की ग्रेग आठ आणे द्यायचा, असं सांगतात. पण सरावाला एकदाही बॅट हातात दिली नाही, असं बाळू स्वतः पुढे सांगत. म्हणजे बघा, ज्या जाळीत रोज शेकडो बॉल टाकले, त्याच जाळीत एक बॉल खेळायला मिळाला नाही.

आता सातारा. पुण्याचा हिंदू संघ साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी खेळायला गेला. बाळूंचा बॉल वळू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर खेळपट्टी लाटून ठेवली होती. बाळूंनी सात बळी घेतले आणि सामना जिंकला! पुण्यात परतल्यावर न्यायमूर्ती रानड्यांच्या हातून त्यांचा सत्कार झाला. आणि त्याच काळात, चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराच्या वर बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधी दिलं गेलं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला. विठ्ठल फलंदाज होते, आणि १९२३ ला त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने मुंबईची चौरंगी स्पर्धा जिंकली. एका भावाला जी बॅट मिळाली नाही, ती दुसऱ्याच्या हातात आली, तेव्हा चित्र बदललं.

दुसरं नाव शेजारच्या सांगलीचं. विजय हजारे, जन्म १९१५. जतच्या संस्थानिकांनी ऑस्ट्रेलियाच्या क्लॅरी ग्रिमेटला शिकवायला आणलं. हजारे पॅडच्या मध्ये बॅट धरून उभे राहायचे, पुस्तकात नसलेल्या पद्धतीने. ग्रिमेटने ती मोडली नाही. त्याच हजाऱ्यांनी पुढे ॲडलेडला एकाच कसोटीत दोन शतकं ठोकली. लहान मुलांच्या गुरुजींनी यातून एवढंच घ्यायचं: सात वर्षांच्या पोराची पकड दर बॉलला दुरुस्त करत बसू नये. बॉल बघतोय ना, बॅटला लागतोय ना, मग खेळू द्या.

आता आजच्या शाळेत येऊ. चाळीस मिनिटांचा तास, चाळीस मुलं, एक बॅट. हिशोब करा: प्रत्येकाला एक मिनिट. आणि तेही कागदावर. खरं तर दांडगी चार पोरं बॅट सोडत नाहीत, आणि ‘कच्चं लिंबू’ ठरलेलं पोर तासभर बॉल आणून देतं. बाळूंचंच काम, शंभरावर वर्षांनी! त्याऐवजी चार-चार मुलांचे दहा गट करा. एक खेळेल, एक खालून हळू बॉल टाकेल, दोघं अडवतील. रबरी बॉल आणि लाकडाची फळी चालते. आता प्रत्येकाला दहा मिनिटं मिळतात. सामन्यात जोडीने ठरलेली षटकं खेळू द्या; बाद झालं तर धावा वजा करा, पण बाहेर काढू नका.

पळण्याचंही तसंच. बावीस यार्ड म्हणजे वीस मीटर, लहानांना ते जास्त होतात. पंधरा-सोळा पावलं पुरे. तीनच शब्द शिकवा: हो, नको, थांब. ज्याला बॉल दिसतो, त्याने हाक द्यायची. रेषेजवळ बॅट जमिनीवर सरकवायची, वळताना खाली वाकायचं आणि तोंड बॉलकडे ठेवायचं. खो-खोत खांबाला वळसा घालणारी पोरं हे पटकन उचलतात. त्या खेळाचे नियम पुण्यातच १९१४ ला डेक्कन जिमखान्याने बांधायला घेतले होते, म्हणजे शिकवणीचा अर्धा भाग आपल्या अंगणातच आहे.

पाचगणीत जूनपासून पाऊस लागला की मैदान चार महिने बंद. म्हणून उरलेल्या महिन्यांतला एकेक तास मोलाचा. त्या तासाच्या शेवटी गुरुजींनी धावा मोजल्या नाहीत तरी चालेल. आज बॅट कोणाच्या हातात आली नाही, तेवढं मात्र मोजावं, आणि उद्या सुरुवात त्याच्यापासून करावी.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या शाळेत खेळाच्या तासाला काय व्हायचं, ते जरूर कळवा.