हाडांना नाव कोण देतं?



आजचा विषय आहे मानवी हाडांची ओळख. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं हाडांशी काय काम, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, आणि तो रास्तच आहे. माझं काम हाडांपेक्षा ‘ओळख’ या शब्दाशी आहे. हा शब्द आपण एका श्वासात दोन अर्थांनी वापरतो. त्या दोन अर्थांच्या मधल्या जागेत शास्त्राचा बराच इतिहास घडला आहे, काही अन्यायही घडले आहेत, आणि आपल्या या शहरातला एक प्रश्न अजून अडकून पडला आहे. आज त्याविषयी बोलू.

आपल्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीकडे काय आणि घाटकोपर-मुलुंडकडे काय, जिकडे पाहावं तिकडे पुनर्विकासाचं खोदकाम चालू आहे. जुन्या गावठाणाच्या किंवा वाडीच्या जमिनीतून कधीतरी हाडं वर येतात. काम थांबतं. पोलीस येतात, पंचनामा होतो. हाडं सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात न्यायवैद्यक डॉक्टरांपुढे जातात. गरज वाटली तर नमुना कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. भोवती जमलेल्या गर्दीचा प्रश्न एकच असतो : ‘कुणाची असतील हो?’

शास्त्र मात्र आधी दुसरे प्रश्न विचारतं. ही हाडं माणसाची आहेत की जनावराची? एकाची की अनेकांची? बाईची की पुरुषाची? वय काय, उंची काय, जमिनीत किती काळ होती? या प्रश्नांची उत्तरं हाड देतं, बऱ्यापैकी प्रामाणिकपणे देतं. बाळंतपणाच्या सोयीसाठी बाईचं कमरेचं हाड रुंद असतं, त्यामुळे ते मिळालं तर बाई की पुरुष हे बहुतेक वेळा सांगता येतं. लांब हाडांची टोकं वाढीच्या वयात सुटी असतात आणि ठरावीक वयात सांधली जातात. गळ्याखालच्या हाडाचं छातीकडचं टोक सगळ्यांत शेवटी, विशीच्या उत्तरार्धात सांधतं. ते सुटं असेल तर माणूस तरुण होता. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज बांधता येतो. यातलं प्रत्येक उत्तर ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं असतं, हेही लक्षात ठेवा.

आता समजा अहवाल आला : बाई, वय तीस ते चाळीस, उंची पाच फुटांच्या आसपास. उत्तम. पण अशा बाया या मुंबईत लाखांनी आहेत. ‘कुणाची’ या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलंच नाही.

न्यायदर्शनात ‘जाती’ आणि ‘व्यक्ती’ असा भेद केला आहे. इथे जाती म्हणजे प्रकार, गोत्व, मनुष्यत्व वगैरे. आणि व्यक्ती म्हणजे ही एक गाय, हा एक माणूस. दुसरी एक संज्ञा आहे ‘प्रत्यभिज्ञा’. तिचं परंपरेतलं ठरलेलं उदाहरण म्हणजे ‘सोऽयं देवदत्तः’, तोच हा देवदत्त. यात ‘हा’ समोर असतो आणि ‘तो’ आठवणीत असतो. ज्यानं देवदत्ताला आधी पाहिलेलंच नाही, त्याला ‘हा’ कितीही बारकाईनं दाखवा, प्रत्यभिज्ञा होणार नाही. खड्ड्यातलं हाड म्हणजे नुसता ‘हा’. त्याला ‘तो’ कुठून आणायचा?

इतिहासात असं झालं की या विद्येनं बराच काळ ‘तो’ शोधलाच नाही. तिला जातीतच रस होता, आणि ती जाती म्हणजे वंश. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात युरोपातल्या संग्रहालयांत हजारोंनी कवट्या जमा झाल्या. त्या मोजून कोणता वंश वरचा, कोणता खालचा, हे ठरवायचं होतं. या गोष्टीत एक मराठी बाई येते, म्हणून जरा थांबून सांगतो.

इरावती कर्वे आपल्याला ‘युगान्त’मुळे माहीत आहेत. मुंबई विद्यापीठात घुर्ये यांच्या हाताखाली शिकून त्या १९२८ साली बर्लिनला गेल्या. तिथे आदल्याच वर्षी मानववंशशास्त्र, आनुवंशिकी आणि सुप्रजननशास्त्र यांची एक मोठी संस्था निघाली होती. तिचे संचालक ऑयगेन फिशर हे इरावतीबाईंचे मार्गदर्शक. पुढे नाझींच्या वंशवादाला ज्यांच्या लिखाणाचा आधार मिळाला, तेच हे फिशर. त्यांचा तर्क असा : युरोपीय माणसाचा मेंदू अधिक विकसित, म्हणून त्याच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत फरक अधिक असणार. हे तपासण्याचं काम त्यांनी या विशीतल्या विद्यार्थिनीला दिलं.

इरावतीबाईंनी सुमारे दीडशे कवट्या मोजल्या. निष्कर्ष निघाला की कवटी थोडी वाकडी सगळ्यांचीच असते, आणि त्या वाकडेपणाचा वंशाशी संबंध दिसत नाही. तोच त्यांनी प्रबंधात मांडला. पदवी ज्यांच्या हातात, त्यांचाच सिद्धान्त आकड्यांत बसत नाही, हे परदेशात, परक्या भाषेत लिहिणं काय असेल, याची कल्पना तुम्हीच करा. त्यांनी मोजपट्टी टाकून दिली असं मात्र समजू नका. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्यावरही महाराष्ट्रातल्या जातिसमूहांची मोजमापं त्यांनी घेतली. मोजणं वाईट नसतं. मोजण्याआधीच उत्तर ठरवून ठेवणं वाईट.

पण एक गोष्ट त्या प्रबंधालाही करता आली नाही, आणि त्या काळी कुणाला सुचलीही नसती. त्या दीडशे कवट्या कुणाच्या होत्या? त्यांना क्रमांक होते. नावं नव्हती.

मग हाडाला ‘कोण’ असं विचारतात तरी कसं? याचं एक विलक्षण उदाहरण आपल्या शेजारी, जुन्या गोव्यात आहे. तुमच्यापैकी अनेकांनी ती जागा पाहिली असेल. सेंट ऑगस्टीनचा तो उंच, अर्धा पडलेला मनोरा. १६०२ मध्ये पूर्ण झालेलं हे चर्च. १८३५ साली पोर्तुगीज सरकारनं धर्मसंघांना हाकललं, इमारत ओस पडली. १८४२ मध्ये छत कोसळलं आणि १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा मोठा भाग पडला. उरलेल्या ढिगाऱ्यात एका राणीची हाडं आहेत, असं कागद सांगत होते.

ही राणी जॉर्जियाची. कॉकेशस पर्वतांतल्या काखेती राज्याची केतेवान. शाह अब्बास पहिला याच्या दरबारी ती ओलीस म्हणून गेली, इराणात शिराझला सुमारे दहा वर्षं राहिली. इस्लाम स्वीकारायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये तिला हालहाल करून मारण्यात आलं. शिराझमध्ये पोर्तुगीज ऑगस्टिनियन पाद्री होते. त्यांनी गुपचूप तिचे अवशेष मिळवले. काही भाग तिच्या मुलाकडे, राजा तेइमुराझकडे पोचला आणि काही १६२७ मध्ये गोव्याला आणला गेला. एका पोर्तुगीज नोंदीत जागासुद्धा दिली होती : मठाच्या सभागृहातली, वेदीच्या अमुक बाजूची दुसरी खिडकी, तिथे काळ्या दगडाची पेटी.

खिडकी सांगितली होती, पण भिंतच कुठे होती? विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जॉर्जियाहून लोक येत राहिले, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाबरोबर शोध चालू राहिला. ढिगारा उपसला, मठाचा आराखडा जुळवला, ती खिडकी कुठे असेल हे ठरवलं. २००४ च्या सुमारास तिथल्या खोदकामात हाताचं एक लांब हाड मिळालं. ते हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत गेलं.

आता इथे नीट लक्ष द्या. पेशीत दोन ठिकाणी डीएनए असतो. मायटोकॉन्ड्रियामधला डीएनए फक्त आईकडून मिळतो, आणि प्रत्येक पेशीत त्याच्या पुष्कळ प्रती असतात. म्हणून जुन्यापुराण्या हाडातही तो हाती लागण्याची शक्यता अधिक. या हाडातून निघालेला मातृवंशाचा गट होता ‘यू-वन-बी’. भारतातल्या बावीस हजारांहून अधिक लोकांच्या नोंदींशी तो ताडून पाहिला, एकातही सापडला नाही. जॉर्जियातल्या तीस जणांत मात्र दोघांत सापडला.

टाळ्या वाजवण्याआधी विचार करा. ‘यू-वन-बी’ म्हणजे केतेवान नव्हे. ती पुन्हा एक जातीच झाली! हाडाची बाई किंवा पुरुष जॉर्जियाच्या बाजूच्या एखाद्या आईच्या वंशातून आली, एवढंच डीएनए सांगतो. मग ती केतेवान कशावरून? गोव्याच्या त्या मठात, त्या खिडकीपाशी, त्या बाजूच्या दुसऱ्या कुणाचं हाड येण्याचं कारण दिसत नाही म्हणून. म्हणजे ‘हा’ प्रयोगशाळेनं दिला आणि ‘तो’ एका पाद्र्याच्या कागदानं. दोन्ही जुळले तेव्हा प्रत्यभिज्ञा झाली. आणि शास्त्रज्ञांचा सच्चेपणा पाहा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘बहुधा’ हा शब्द आहे. पश्चिम भारतात सापडलेला अवशेष बहुधा राणी केतेवानचा. जुलै २०२१ मध्ये भारतानं त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला भेट दिला. जवळजवळ चारशे वर्षांनी राणी घरी गेली, ती ‘बहुधा’च्या आधारावर. मला यात काही कमी वाटत नाही. अनुमानाला आपली मर्यादा ठाऊक असणं, हाच त्याचा भरवसा.

केतेवानच्या आईच्या वंशातलं कुणी ज्ञात माणूस आज समोर असतं तर ‘बहुधा’ अजून घट्ट झाला असता. असं माणूस मिळालं तर काय होतं, ते पाहण्यासाठी परत बर्लिनला जाऊ. तिथे पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्या अकराशेहून अधिक कवट्या पडून होत्या. अलीकडे त्या कुठून, कशा आल्या याची चौकशी झाली. ज्यांच्या नोंदी पुरेशा होत्या अशा मोजक्या कवट्यांचे नमुने घेतले गेले आणि टांझानियातल्या लोकांच्या नमुन्यांशी ताडले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं की तीन कवट्यांचे आजचे नातेवाईक सापडले. त्यांतली एक अकिडा यांची, चग्गा लोकांचे राजे मांगी मेली यांच्या सल्लागाराची. मेली यांना जर्मनांनी १९०० साली फाशी दिलं. त्यांचे वंशज त्यांचं डोकं अनेक वर्षं शोधत आले आहेत.

ज्या शहरात कवटीला ‘तू कोणत्या वंशाची?’ असं विचारलं जात होतं, त्याच शहरात शंभर वर्षांच्या आत ‘तू कोणाचा आजोबा?’ असं विचारलं गेलं. फरक निव्वळ यंत्रांमुळे पडलेला नाही. किलिमांजारोच्या पायथ्याशी कुणीतरी शतकभर विचारत राहिलं, ‘आमचा माणूस कुठे आहे?’ म्हणून पडला.

आता आपल्या घरी येऊ. आपल्या लोकलच्या रुळांवर, खाडीत, नाल्यात, फुटपाथवर माणसं मरतात आणि त्यांतल्या अनेकांची ओळख पटत नाही. त्यांना आपण काय म्हणतो? ‘बेवारस’. शब्द नीट ऐका. बे-वारस, ज्याला वारस नाही तो. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, असं हा शब्द म्हणत नाही. त्याच्यासाठी कुणी आलं नाही, असं म्हणतो. आपल्या बोलीनं न्यायदर्शनातली गोष्ट एका शब्दात सांगून ठेवली आहे.

पण खरंच त्यांना वारस नसतात का? बिहारमधल्या, मराठवाड्यातल्या, कोकणातल्या एखाद्या पोलीस ठाण्यात ‘मुलगा मुंबईला गेला, परत आला नाही’ अशी तक्रार पडलेली असू शकते. ‘तो’ तिकडे आहे, ‘हा’ इकडे आहे, आणि दोघांची गाठ पडायला जागा नाही. अशी जागा करण्याचा प्रयत्न झाला होता. २०१९ साली लोकसभेत मांडलेल्या डीएनए विधेयकात वेगवेगळ्या सूची होत्या. गुन्ह्याच्या जागेची, संशयितांची, गुन्हेगारांची, आणि त्यांच्याबरोबर हरवलेल्या माणसांची आणि अनोळखी मृतांची. संसदीय समितीपुढे गंभीर आक्षेप आले. ही माहिती एखाद्या जातीवर, धर्मावर, समाजावर रोखली जाईल, ही भीती त्यांत होती. २०२३ मध्ये विधेयक मागे घेण्यात आलं.

ती भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. बर्लिनच्या कवट्यांची गोष्ट ऐकल्यावर तर मुळीच नाही. माणसाच्या शरीरातून त्याची जात काढायचा मोह जुना आहे आणि तो मेलेला नाही. पण त्या भीतीपायी शेवटच्या दोन सूचीही बुडाल्या, याचं मला दुःख आहे. गुन्हेगारांची यादी आणि हरवलेल्यांची यादी यांत मूलभूत फरक आहे. पहिलीत सरकार माणसाला शोधतं. दुसरीत आई शोधते, आणि ती स्वतःहून, स्वखुशीनं नमुना द्यायला तयार असते. या दोन सूचींसाठी वेगळा, छोटा कायदा करता येईल. नमुना फक्त संमतीनं घ्यायचा, हरवलेल्याशी ताडण्यापलीकडे वापरायचा नाही, आणि माणूस सापडला की नष्ट करायचा.

कलिन्याला शास्त्र आहे. रुग्णालयांत डॉक्टर आहेत. हाड आपलं काम चोख करतं, ते ‘हा’ म्हणून समोर उभं राहतं. ‘तो’ सांगणारं माणूस आणि त्या माणसाला हाडापर्यंत आणणारी वाट, एवढंच कमी आहे. एका राणीसाठी दोन देशांनी ढिगारे उपसले, ते योग्यच केलं. कुर्ला आणि घाटकोपरच्या मध्ये रुळांवर मिळालेल्या माणसासाठी निदान दोन याद्या एकमेकींशेजारी ठेवायला काय हरकत आहे?

तुमचे प्रश्न जरूर पाठवा.